स्वयंसेवी ऑनलाइन समूहासाठी वर्गणी कशी मागावी

पैसे कमी पडू लागले की पहिला सल्ला येतो, 'जाहिराती लावा.' तो ऐकू नका. मेटाफिल्टर हा १९९९ पासूनचा समूह. जाहिरातींवर त्याचं बरं चाललं होतं. २०१२ मध्ये गूगलवरून येणारे वाचक एकाएकी घटले, उत्पन्न आटलं आणि २०१४ मध्ये चर्चेवर लक्ष ठेवणाऱ्या काही पगारी नियंत्रकांना कमी करावं लागलं. पुढे सदस्यांच्या वर्गणीनेच तो तगला. माणसंही दुखावतात ती वेगळीच: विकिपीडियावर जाहिराती येतील या नुसत्या शंकेने २००२ मध्ये स्पॅनिश विकिपीडियाचे बरेच संपादक फुटून निघाले आणि त्यांनी आपला वेगळा ज्ञानकोश सुरू केला.

आधी वर्षाचा खर्च मांडा: सर्व्हर, डोमेन (संकेतस्थळाचं नाव), बॅकअप, ईमेल. त्यात तीन महिन्यांची शिल्लक धरा.

पैसे कुणाच्या खासगी खात्यात घेऊ नका. नोंदणीकृत संस्था काढा किंवा एखाद्या यजमान संस्थेच्या, म्हणजे छोट्या समूहांचे पैसे आपल्या खात्यात सांभाळणाऱ्या संस्थेच्या, छत्राखाली जा. मात्र छत्रही उडू शकतं. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन या अशाच यजमान संस्थेने २०२४ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा शेकडो समूहांना नवा आसरा शोधावा लागला.

आता मागणं. मी स्वतः असा एक समूह चालवते, आणि इथे मी सलग तीन वर्षं चुकले.

आधी बरीच वर्षं पदरमोड केली. मग एकदा सर्व्हरचं बिल चार दिवसांवर आलं आणि मी घाबरून लिहिलं, 'समूह बंद पडतोय, वाचवा!' दोन दिवसांत दीड वर्षाचे पैसे जमले. पुढच्या वर्षी तीच हाक दिली, तेव्हा जेमतेम तिसरा हिस्सा आला. तिसऱ्या वर्षी जवळजवळ शांतता. एका जुन्या सदस्याने तेवढं विचारलं, 'ताई, मागच्या वेळचे पैसे कशात गेले?' पैसे योग्य जागीच गेले होते, पण दाखवायला माझ्याकडे एक ओळ लिहिलेली नव्हती. तो प्रश्न मला फार लागला, आणि तो रास्त होता.

तेव्हापासून मी संकटाच्या नावाने कधीच मागत नाही. तारीख ठरलेली असते. एओथ्री हा चाहत्यांच्या लेखनाचा प्रचंड संग्रह जाहिरातींशिवाय चालतो. त्यांची मोहीम वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये असते. आवाहनात तीनच आकडे द्या: वर्षाला किती लागतात, हातात किती आहेत, किती कमी पडतात. तेवढे जमले की त्याच दिवशी आवाहन उतरवा. 'येतायत तर येऊ देत' म्हणून ते तसंच ठेवणं ही सदस्यांची फसवणूक आहे, असं मी मानते.

एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा येणारी छोटी वर्गणी बरी. वर्षाच्या खर्चाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त आम्ही एका माणसाकडून घेत नाही, कारण मोठा देणगीदार गप्प बसला तरी नियम ठरवताना सगळे त्याच्या तोंडाकडे पाहतात. देणाऱ्याला बिल्ला नको, जादा मत नको. मध्यरात्री नवख्याच्या प्रश्नाला नीट उत्तर लिहिणाराही देतच असतो.

आणि हिशेब दर महिन्याला, सर्वांना दिसेल असा. 'मागील शिल्लक, जमा, सर्व्हर, पैसे हस्तांतराचं शुल्क, उरले.' पाच ओळी. शुल्क लपवू नका. छोट्या वर्गणीत ते चांगलंच जाणवतं. हे सुरू केल्यावर दुसऱ्या वर्षी आमची वर्गणी ठरलेल्या मुदतीआधीच भरली.

राहिल्या किल्ल्या. डोमेन, सर्व्हर, बँक या सगळ्यांचे पासवर्ड किमान दोघांकडे हवेत. आमचं डोमेन एकदा मुदत संपून बंद पडलं: कार्ड जुनं झालेलं, सूचना गेल्या त्या समूह सोडलेल्या स्वयंसेवकाच्या ईमेलवर. डॉट कॉम नाव रद्द झाल्यावरही तीस दिवस जादा शुल्क भरून सोडवता येतं, पण त्यावर विसंबू नका. नूतनीकरण एकदम काही वर्षांचं करा आणि सूचनांसाठी सामाईक ईमेल ठेवा.

खजिनदार दर दोन वर्षांनी बदला. दमलेला माणूस स्वतःहून सांगत नाही, म्हणून तारीख आधीच लिहून ठेवा.