दर सेकंदाचा टाइमर बिघडला की दोष कसा शोधावा

आयफोनच्या ॲपमध्ये दर सेकंदाला आकडा बदलणारा टाइमर स्विफ्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार-पाच ओळींत लिहून होतो. व्यायामाचं ॲप असो की सराव परीक्षेचं, तो लागतोच. बिघडला की तक्रारीही ठरलेल्याच येतात: आकडे दुप्पट वेगाने पळतात, यादी सरकवताना थांबतात, स्क्रीन सोडली तरी टाइमर मागे चालूच राहतो, फोन लॉक करून उघडला की वेळ मागे पडलेली असते. प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे. त्यामुळे एक सेकंदाचा अर्धा करून बघणं, कुठेतरी उशीर घालणं असले उपाय तूर्तास बाजूला ठेवा.

१. नोंदी घ्या

टाइमरच्या ब्लॉकमध्ये (दर ठोक्याला चालणाऱ्या कोडमध्ये) एक प्रिंटची ओळ टाका. तिच्यात तीन गोष्टी हव्यात: मिलिसेकंदांसह वेळ, त्या टाइमरची ओळख (ऑब्जेक्ट आयडेंटिफायर) आणि आपण मेन थ्रेडवर (स्क्रीनची कामं चालतात त्या मुख्य धाग्यावर) आहोत की नाही. साधा ब्रेकपॉइंट (कोड एखाद्या ओळीवर अडवणारी खूण) इथे उपयोगाचा नाही, कारण तो ॲपच थांबवतो आणि मोजायची वेळच बिघडते. ब्रेकपॉइंट हवाच असेल तर एक्सकोडमध्ये (ॲपलच्या ॲप बनवायच्या साधनात) त्याला ‘लॉग मेसेज’ जोडून आपोआप पुढे जाण्याच्या पर्यायावर खूण करा.

मग ॲप चालवा, स्क्रीनवरून मागे जा, परत या. असं काही दिसलं तर निम्मं काम झालं:

१०:४२:०७.००३ – टाइमर अ
१०:४२:०७.४१२ – टाइमर ब
१०:४२:०८.००३ – टाइमर अ
१०:४२:०८.४१२ – टाइमर ब

२. आकडे दुप्पट पळत असतील तर

वरच्या नोंदीत टाइमर वेगाने चालत नाहीये, टाइमर दोन आहेत. बहुतेक वेळा तो ‘व्ह्यू विल अपिअर’मध्ये (स्क्रीन दिसण्याआधी दर वेळी चालणाऱ्या फंक्शनमध्ये) सुरू केलेला असतो आणि स्क्रीन जाताना बंद करायचा राहिलेला असतो. किंवा वापरणाऱ्याने ‘सुरू’ बटण दोनदा दाबलेलं असतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. व्हेरिएबलमध्ये नवा टाइमर ठेवला म्हणून जुना थांबत नाही. निल (म्हणजे ‘काहीच नाही’) ठेवलं तरी थांबत नाही. चालू टाइमरला रन लूपने (थ्रेडवर येणारी कामं एकामागून एक चालवणाऱ्या चक्राने) धरून ठेवलेलं असतं. तुमचं व्हेरिएबल म्हणजे त्याच्यापर्यंत पोचायचा फक्त रस्ता, आणि तोच तुम्ही पुसून टाकता. थांबवायचं तर इनव्हॅलिडेट (टाइमर कायमचा बंद करणारी आज्ञा) हवं. सुरू करणाऱ्या फंक्शनची पहिलीच ओळ ‘जुना असेल तर इनव्हॅलिडेट’ अशी ठेवा, म्हणजे ते कितीदा बोलावलं तरी टाइमर एकच राहील. इनव्हॅलिडेट मात्र टाइमर ज्या थ्रेडवर लावला त्याच थ्रेडवरून करायचं.

३. स्क्रीन गेली तरी चालू राहत असेल तर

डीइनिटमध्ये (ऑब्जेक्ट मेमरीतून जाताना चालणाऱ्या कोडमध्ये) प्रिंट टाका. स्क्रीन बंद केल्यावर ते छापलं जात नसेल तर ती स्क्रीन मेमरीतच अडकून आहे. टार्गेट-सिलेक्टर पद्धतीत (कुठल्या ऑब्जेक्टचं कुठलं फंक्शन बोलवायचं ते टाइमरला सांगतात तिच्यात) टाइमर आपल्या टार्गेटला घट्ट धरतो. म्हणून डीइनिटमध्ये इनव्हॅलिडेट लिहून भागत नाही: टाइमर थांबेपर्यंत डीइनिट येत नाही आणि डीइनिट येईपर्यंत टाइमर थांबत नाही. आयओएस १० पासून मिळालेली ब्लॉकची पद्धत वापरा, ब्लॉकमध्ये सेल्फ (म्हणजे ती स्क्रीन) वीक, म्हणजे घट्ट न धरता, घ्या, आणि ‘व्ह्यू डिड डिसअपिअर’मध्ये इनव्हॅलिडेट करा. दोन्ही करा. नुसतं वीक घेतलं तर स्क्रीन सुटते, पण टाइमर रिकामाच फिरत राहतो.

४. यादी सरकवताना थांबत असेल तर

बोटाने यादी सरकवत असताना मेन रन लूप ट्रॅकिंग मोडमध्ये जातो. ‘शेड्यूल्ड टाइमर’ने केलेला टाइमर डिफॉल्ट मोडमध्ये असतो, त्यामुळे तो तेवढा वेळ गप्प. टाइमर नुसता तयार करून मेन रन लूपला कॉमन मोडमध्ये जोडला की झालं.

५. एकदाही वाजत नसेल तर

तो बहुधा बॅकग्राउंड थ्रेडवर तयार झालाय. यूआरएल सेशनचं (नेटवरून माहिती मागवणाऱ्या भागाचं) उत्तर येतं तिथेच टाइमर लावला की हे हमखास होतं, कारण त्या थ्रेडचा रन लूप चालूच नसतो. टाइमर लावायचं काम मेन क्यूवर (मेन थ्रेडच्या कामांच्या रांगेत) न्या.

६. लॉक केल्यावर वेळ मागे पडत असेल तर

ॲप मागे गेलं की थोड्याच वेळात आयओएस ते गोठवते आणि टाइमर वाजत नाही. परत आल्यावर चुकलेले सगळे ठोके भरून निघत नाहीत, त्या सगळ्यांबद्दल एकदाच वाजतो. म्हणजे दर ठोक्याला एक मिळवून केलेला हिशोब चुकणारच. सुरुवातीची वेळ जपून ठेवा आणि दर वेळी आत्ताच्या वेळेतून ती वजा करा. वेळ संपल्याची सूचना द्यायची असेल तर ती लोकल नोटिफिकेशन म्हणून आधीच लावून ठेवा.

हा दोष तपासताना फोन एक्सकोडच्या डिबगरला (चालू ॲपमधला दोष शोधायच्या साधनाला) जोडलेला नको. डिबगर असेपर्यंत ॲप गोठतच नाही, सगळं सुरळीत दिसतं, आणि तक्रार करणारा खोटा वाटायला लागतो. ॲप होम स्क्रीनवरून उघडा आणि मग लॉक करा.

अँड्रॉइडवर नावं बदलतात, पण शोध याच वाटेने जातो. हँडलरच्या ‘पोस्ट डिलेड’ला (ठरावीक वेळाने काम चालवणाऱ्या फंक्शनला) दिलेला रनेबल, म्हणजे चालवायचा कोड, काढताना तोच रनेबल द्यावा लागतो, दर वेळी नवा लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) दिला तर काहीच निघत नाही. फोन आडवा केला की ॲक्टिव्हिटी (अँड्रॉइडची स्क्रीन) नव्याने बनते आणि जुना टाइमर थांबवला नसेल तर इथेही दोन होतात. अँड्रॉइड ६ पासूनच्या डोझमुळे (फोन पडून असताना बॅटरी वाचवणाऱ्या सोयीमुळे) मागची कामं लांबतात, आणि वर्क मॅनेजरचं (मागची कामं लावून देणाऱ्या लायब्ररीचं) आवर्ती काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावता येत नाही.

सहाव्या भागातली वजाबाकीची पद्धत आणल्यावर कधीकधी ३ नंतर थेट ५ दिसतं. एक ठोका ३.९९८ ला पडतो, पुढचा ५.००४ ला, आणि अपूर्णांक कापला की ४ गायब. टाइमरकडून मिलिसेकंदाची अचूकता मिळत नाही, तेव्हा तो ०.२ सेकंदाला वाजू द्या आणि आकडा बदलला असेल तरच लेबल नव्याने लिहा.