आजारपणातील पाळ्या शेजाऱ्यांनी कशा वाटून घ्याव्यात
नाशिकच्या इंदिरानगर किंवा सिडकोसारख्या वसाहतीत घरातले वडीलधारे अंथरुणाला खिळले की सगळा भार बहुधा एकाच बाईवर पडतो, आणि शेजारी ‘काही लागलं तर सांगा’ एवढे म्हणून थांबतात. मागण्याचा संकोच तिला असतोच. म्हणून नेमके काम आणि नेमकी वेळ घेऊनच तिच्याकडे जावे: ‘मंगळवारी चार ते सहा मी आजोबांजवळ बसते, तुम्ही जरा पडा.’

औषधे आणणे, डबा देणे, दवाखान्यात सोबत जाणे ही कामे कोणीही करावीत. अंग पुसणे, कपडे बदलणे ही मात्र रुग्णाला ज्याचा संकोच वाटत नाही त्यानेच. हे रुग्णालाच विचारावे, सुनेला नव्हे.

सर्वांत उपयोगी पडते ती उशाशी दोरीने बांधलेली साधी 200 पानी वही. औषध कधी दिले, पाणी किती घेतले, लघवी झाली का आणि कोणत्या कुशीवर कधी वळवले हे पाळी संपवणाऱ्याने वेळेसह लिहावे, कारण साधारण दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाड आणि टाचांवर शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, होण्याचा धोका वाढतो, आणि माणसे बदलतानाच हे हमखास राहून जाते. दाबूनही न ओसरणारी लाली दिसल्यास ती चोळू नये. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावी.

पहिल्या पानावर चालू औषधे, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा 14567 हे क्रमांक ठळक लिहावेत. खर्चाचा हिशेब एकाच व्यक्तीकडे ठेवावा.