स्वस्त सिलिंडर किट बसवताना: ५० सीसी टू-स्ट्रोक स्कूटर

किट उघडण्याआधी कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघावा. उभा खेळ (ढिलेपणा) जाणवला तर आधी क्रँकचं, म्हणजे रॉड ज्याला जोडलेला असतो त्या फिरत्या दांड्याचं, काम. नवा बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) त्यावर वायाच जातो.

स्वस्त किटची खरी मेहनत बसवण्याआधीच असते. पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या खिडक्यांच्या) कडा धारदार राहिलेल्या असतात, त्यात पिस्टनची रिंग अडकून तुटते. बारीक एमरीने (घासायच्या कागदाने) त्या हलक्या मोडतो, मग साबण आणि गरम पाण्याने बोअर घासतो. पांढरं फडकं काळं येणं थांबेपर्यंत! लगेच तेलाचा हात, नाहीतर गंज धरतो. रिंग पिस्टनने बोअरमध्ये सरळ ढकलून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तिच्या दोन टोकांमधली गॅप मोजतो: ४० मिमी बोअरला ०.१५ ते ०.२५ मिमी. कमी भरली तर टोक घासायचं.

क्रँककेसच्या (क्रँक असलेल्या पेटीच्या) तोंडात फडकं कोंबूनच सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी कडी) लावावी. किटमधली ढिली वाटली तर चांगली वेगळी घ्यावी. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगची टोकं खाचेतल्या बारीक पिनांवर. हेडचे नट आडवे-तिडवे, टप्प्याटप्प्याने. बेस गॅस्केटमधून (सिलिंडरच्या बुडाखालच्या सीलमधून) हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पिस्टन जाम होतो, म्हणून जुना गॅस्केट पुन्हा नको.

पहिले ३०० किमी अर्ध्या थ्रॉटलच्या आत, पण एकाच वेगात रेटायचं नाही.