निळा झाला म्हणजे कोकेनच असं नव्हे: ड्रगच्या कलर टेस्टमधल्या या चुका टाळा

नाशिकमध्ये फॉरेन्सिकच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी मुलांना साखर देतो. मार्क्विसचा थेंब पडला की दाणे हळूहळू तपकिरी होतात आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतंच, "सर, मेथॅम्फेटामीन!" मार्क्विस म्हणजे तीव्र सल्फ्युरिक ॲसिड आणि फॉर्मल्डिहाइड. ॲसिडनं साखर करपणारच. मेथॅम्फेटामीन आधी झटकन केशरी होतं, मग तपकिरी. म्हणून वहीत शेवटचा रंग नको, रंग कसा बदलत गेला ते सेकंदांसकट हवं. नुसतं "पॉझिटिव्ह" लिहिलेली वही मी परत करतो.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ मात्र नावाचा. 2023 च्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या शिंदे गावातला ड्रगचा कारखाना पोलिसांनी पकडला आणि "एमडी" हा शब्द रिक्षा स्टँडवरही रुळला. हे एमडी म्हणजे मेफेड्रोन. एमडीएमए, म्हणजे एक्स्टसी, निराळं. एमडीएमए मार्क्विसमध्ये जांभळट काळं पडतं. मेफेड्रोन ढिम्म, फार तर सावकाश पिवळसर. काळं पडलं नाही म्हणून "आक्षेपार्ह काही नाही" असं लिहून मोकळे झालात, तर पुडीत मेफेड्रोन असूनही ती सुटली. अशा वेळी लीबरमन हे दुसरं रिएजंट (टेस्टचं द्रावण) लावून बघा, त्यात ते पिवळंधमक होतं.

दुसरी चूक घाईची. कोबाल्ट थायोसायनेटनं कोकेन निळं होतं, पण ॲलर्जीच्या गोळीतलं डायफेनहायड्रामीनही होतं. याच कोबाल्ट थायोसायनेटच्या स्कॉट टेस्टला पुढच्या दोन पायऱ्या उगाच दिलेल्या नाहीत: हायड्रोक्लोरिक ॲसिडनं गुलाबी, मग क्लोरोफॉर्मच्या खालच्या थरात पुन्हा निळा. गांजाच्या ड्युकेन्वा-लेव्हिन टेस्टमध्येही जांभळा रंग क्लोरोफॉर्ममध्ये उतरलेला दिसायला हवा. नेमकी तीच पायरी मुलं गाळतात.

बाकीच्या चुका आळसाच्या. स्पॉट प्लेटच्या, म्हणजे छोटे खळगे असलेल्या टेस्टच्या ताटलीच्या, एका खळग्यात नुसतं रिएजंट ठेवा, नाहीतर जुन्या बाटलीचाच रंग नमुन्याचा वाटेल. नमुना टाचणीच्या डोक्याएवढा पुरे. ढीग टाकलात तर सगळंच काळं. पिवळ्या दिव्याखाली रंग वाचू नका. जानेवारीत सकाळची बॅच असेल तर थांबायची तयारी ठेवा, थंडीत रंग उशिरा चढतो.

आणि सगळी पुडी टेस्टमध्येच संपवू नका. प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेला जीसी-एमएससाठी, म्हणजे पदार्थ नेमका कोणता ते पक्कं करणाऱ्या यंत्रावरच्या तपासणीसाठी, पदार्थ लागतो, तुमचा रंगलेला खळगा नाही.