खोटा 911 कॉल जाण्याआधीच तुमच्या पत्त्यावर नोंद करून ठेवा

मी मूळची सांगलीची. 911 हा अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा नंबर. सिअ‍ॅटलजवळच्या अशाच एका 911 केंद्रात रात्रपाळीला फोन घेते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी हमखास बाजूला घेऊन विचारतं, "आमच्या मुलाला गेममधल्या कुणीतरी धमकी दिलीय, तुझ्या घरी स्वॉट टीम, म्हणजे पोलिसांचं सशस्त्र पथक, पाठवतो म्हणून. असं खरंच होतं का हो?" होतं. काय करायचं ते मात्र हातात बटाटेवड्याची प्लेट धरून, पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितेय.

प्रकार दोन टप्प्यांचा असतो. आधी कुणीतरी तुमचा पत्ता, फोन नंबर, नवऱ्याचं ऑफिस, मुलांची शाळा असं सगळं गोळा करून चारचौघांत टाकतं. हे डॉक्सिंग. मग त्यातलाच पत्ता घेऊन दुसरा कुणीतरी पोलिसांना फोन करतो आणि भयंकर काहीतरी सांगतो. हे स्वॉटिंग. 28 डिसेंबर 2017 ला कॅन्सस राज्यातल्या विचिटामध्ये असाच फोन गेला. मी वडिलांच्या डोक्यात गोळी घातलीय, आई आणि भाऊ ओलीस आहेत, घरात पेट्रोल ओतलंय. भांडण होतं कॉल ऑफ ड्यूटी खेळताना लावलेल्या दीड डॉलरच्या पैजेवरून. एका खेळाडूने आपला म्हणून जुनाच पत्ता फेकला होता. त्या घरात राहणाऱ्या 28 वर्षांच्या माणसाचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता. बाहेर एवढे दिवे कसले म्हणून त्याने दार उघडलं, त्याचे हात हलले आणि समोरच्या पोलिसाने गोळी झाडली. फोन करणारा लॉस एंजेलिसमध्ये बसला होता. 2019 मध्ये त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली.

हे घाबरवायला सांगत नाहीये. त्या प्रसंगातल्या दोन गोष्टींवर पुढचं सगळं उभं आहे: फोन कुठून आला, आणि हात कुठे होते.

आधी फोनचं. 911 हा नंबर त्या त्या भागापुरता असतो. लॉस एंजेलिसमधून 911 फिरवला तर उचलणार लॉस एंजेलिसचंच केंद्र. म्हणून लांबून खोटा फोन करणारे बहुतेकदा पोलिसांच्या साध्या दहा आकडी नंबरवर येतात. विचिटाचा फोन तर आधी सिटी हॉलमध्ये वाजला होता आणि तिथून पुढे जोडला गेला. अशा फोनबरोबर माझ्या स्क्रीनवर ठिकाण उमटत नाही आणि दिसणारा नंबरही बनावट असू शकतो. आम्हाला शंका येते. पण शंका आली म्हणून गाडी पाठवायची नाही, अशी सोय आम्हाला नाही. एखादी बाई कपाटात लपून, मिळेल त्या नंबरवर खरंच फोन करत असेल तर?

म्हणजे पोलीस येणारच. ते काय समजून येतात, एवढंच तुमच्या हातात आहे, आणि ते ठरतं पत्त्यावरच्या नोंदीने. आम्ही पत्ता टाइप केला की त्या घराबद्दल आधी लिहून ठेवलेलं समोर येतं. धमकी आली, किंवा तुमचा पत्ता कुठेतरी टाकलेला दिसला, की त्याच दिवशी आपल्या शहराच्या पोलिसांच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर फोन करा. इंग्रजीत एवढं म्हटलंत तरी पुरे: "माय अ‍ॅड्रेस वॉज पोस्टेड ऑनलाइन अँड आय वॉज थ्रेटन्ड विथ स्वॉटिंग. प्लीज पुट अ नोट ऑन माय अ‍ॅड्रेस." "आत्ता पाठवतो" अशी धमकी असेल तर वाट न बघता सरळ 911 लावा.

नोंदीत काय सांगायचं याचा विचार आधी करा. घरात माणसं किती, लहान मुलं आहेत का, कुत्रा आहे का, शस्त्र आहे की नाही, आणि कुठल्या मोबाइलवर फोन केला तर घरातलं माणूस नक्की उचलेल. आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते, जी मी सगळ्यांना आग्रहाने सांगते. भारतातून सहा महिन्यांसाठी आई-बाबा आले असतील तर तेही नोंदवा: वय, इंग्रजी येत नाही, भाषा मराठी, बाबांना कमी ऐकू येतं. दाराबाहेरून ओरडून दिलेला हुकूम ज्याला ऐकूच आला नाही, तो पोलिसांना हुकूम न मानणारा वाटतो. सिअ‍ॅटल शहरात राहणाऱ्यांना हीच माहिती स्मार्ट 911 या ऑनलाइन सेवेवर स्वतः भरता येते. स्वॉटिंगची भीती असलेल्यांसाठी सिअ‍ॅटल पोलिसांनी 2018 पासून ती सोय केली आहे. इतर ठिकाणी फोनवर विचारा. पुष्कळ ठिकाणी अशी नोंद ठरावीक मुदतीनंतर आपोआप गळते. ती कधी संपणार हे त्याच फोनवर विचारून कॅलेंडरमध्ये टाका.

आता हातांचं. ही घरच्यांबरोबर करायची तालीम आहे. एका रविवारी जेवणं झाल्यावर करा, मुलांना हसू येईल, येऊ द्या.

खिडकीतून पोलिसांच्या गाड्या दिसल्या, दारावर थापा पडल्या, तर "काय झालं बघू" म्हणून दार उघडून बाहेर पळायचं नाही. तुम्हाला आधी कळलं असेल तर आतूनच 911 लावा: मी या पत्त्यावर घरात आहे, बाहेर पोलीस आहेत, इथे कुणालाही इजा नाही, आम्ही इतके जण आहोत, मी निळा कुर्ता घातलाय. फोन घेणारी बाहेरच्यांशी बोलून सांगेल काय करायचं ते. "बाहेर या" म्हणाली की फोन आत ठेवायचा आणि दोन्ही हात रिकामे, बोटं पसरून, खांद्यांच्या वर. हातात काही म्हणजे काहीच नको. टीव्हीचा रिमोट नको, चष्म्याची केस नको, लाटणं नको. रात्रीच्या अंधारात पंधरा पावलांवरून मोबाइल काळा आणि चौकोनी दिसतो, एवढंच. घसरणारा पदर सावरायलाही हात खाली न्यायचा नाही. हे माझ्या आईला पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

कुत्रा आधी खोलीत कोंडा. वाद घालू नका, आणि "हे स्वॉटिंग आहे" हे हात वर असतानाच, सावकाश सांगा. बेड्या घालून गवतावर बसवलं तर बसा. घर तपासून होईपर्यंत ते तसंच चालतं आणि शेजारचे बघतात, बघू देत. आजी-आजोबा दिवसभर एकटे असतील तर त्यांना दोनच गोष्टी पाठ करून द्या: हात वर, आणि "मराठी, मराठी". फोनवरचा दुभाषी बहुतेक ठिकाणी मिळतो, पण भाषा कुठली ते कळायला हवं.

मुलगा स्ट्रीमिंग करत असेल तर प्रक्षेपण ताबडतोब बंद. फोन करणारा बहुतेकदा ते बघत बसलेला असतो, गंमत त्यातच असते. हा धंदाही आहे बरं का. कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरच्या एका मुलाने 2022 ते 2024 या काळात 375 हून जास्त असे कॉल केले. टेलिग्रामवर त्याचं चक्क दरपत्रक होतं: 40 डॉलरमध्ये कुणाचा तरी गॅस बंद, 50 डॉलरमध्ये पोलिसांचा मोठा ताफा, 75 मध्ये बॉम्बची धमकी. 2025 मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

मोठ्या फोनआधी छोट्या खोड्या होतात, त्या ओळखा. न मागवलेले पिझ्झे येतात, तेही फक्त तुमच्याकडे नाही, भावाकडे, आईकडेही. 2020 मध्ये टेनेसी राज्यातल्या एका 60 वर्षांच्या गृहस्थांना ट्विटरवरचं आपलं नाव विकायचं नव्हतं. त्यांच्या नातेवाइकांकडे आधी पिझ्झे गेले, मग त्यांच्या घरी पोलीस आले, आणि त्या धक्क्याने हृदयविकाराचा झटका येऊन ते वारले. म्हणून पहिल्या पिझ्झ्यालाच नोंदीचा फोन करा. "कोणीतरी चेष्टा केली असेल" म्हणून पैसे देऊन खाऊन टाकू नका.

पत्ता इंटरनेटवरून काढायचं काम कंटाळवाणं आहे आणि ते कधीच पूर्ण होत नाही, तरी करायचं. स्वतःचं नाव आणि गाव टाकून शोधा. स्पोकिओ, व्हाइटपेजेस, बीनव्हेरिफाइड असल्या साइट्सवर तुमचं वय, जुने पत्ते आणि खाली नातेवाइकांची यादी सापडेल. प्रत्येकीवर माहिती काढण्याचा वेगळा अर्ज असतो, तो भरा, आणि काही महिन्यांनी पुन्हा बघा, कारण नावं परत उगवतात. गूगलचं "रिझल्ट्स अबाउट यू", म्हणजे शोधात तुमचा पत्ता-नंबर दिसला तर कळवणारी सोय, चालू करून ठेवा. जॉन स्मिथला लपायला हजारो जॉन स्मिथ आहेत. आपली आडनावं मात्र एकेका उपनगरात एखाद-दुसऱ्याच घरावर असतात, तेव्हा "पत्ता कुठे कोणाला सापडणार" हे आपल्याला लागू नाही.

आणि खरं सांगू का, पुष्कळदा पत्ता आपणच वाटतो. गणेशोत्सवाच्या प्रसादाची गूगल शीट: नाव, पत्ता, मोबाइल, मुलांची नावं आणि इयत्ता, आणि लिंक असलेल्या कुणालाही उघडणारी. वास्तुशांतीचा फोटो: कलश, तोरण, हसरं जोडपं आणि मागे ठसठशीत घर क्रमांक. मंडळाच्या सचिवांना आजच सांगा, शीट बंद करा आणि गेल्या वर्षीचीही बंद करा. मोबाइल कंपनीत खात्याला पिन लावा, म्हणजे कुणी तुमच्या नावाने सिम बदलून घेणार नाही.

धमकीचा मजकूर काढून टाकायला सांगण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट घ्या. त्या पानाची वरची पूर्ण लिंक, तारीख, वेळ, खात्याचं नाव सगळं दिसलं पाहिजे. मग त्या साइटला कळवा, पोलिसांत तक्रार देऊन केस नंबर घ्या, एफबीआयच्या आयसी3 या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारींच्या साइटवर भरा. आमच्या वॉशिंग्टन राज्यात 2023 पासून डॉक्सिंगबद्दल दिवाणी दावाही लावता येतो. शाळेच्या ऑफिसला आणि कामावर रिसेप्शनला कल्पना द्या. उलट धमकी देणाऱ्याचाच पत्ता शोधून टाकायची खुमखुमी पुरुषमंडळींना फार येते. तुमची बाजू कमकुवत करायला तेवढं पुरतं.

पुण्या-नाशिकला आई-बाबांचा पत्ताही टाकला गेला असेल, तर तिथे सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार करा. 1930 ही हेल्पलाइन मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. बाबांना जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यायला सांगा आणि त्याची पोच घ्यायला सांगा, नुसतं तोंडी सांगून येऊ देऊ नका. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवायचं, आमच्या नावाने कॅश ऑन डिलिव्हरी काही आलं तर आधी फोन, मग आत. अमेरिकेतून भारतातला 112 लागत नाही आणि पुण्यातून इथला 911 लागत नाही. म्हणून त्यांच्या पोलीस ठाण्याचा लँडलाइन नंबर देशाच्या आणि शहराच्या कोडसकट तुमच्या फोनमध्ये हवा, आणि तुमच्या शहराचा तोच दहा आकडी नॉन-इमर्जन्सी नंबर त्यांच्या फ्रिजवर.