सोल मोडायला नको, वळायला हवं

लग्न होऊन गोव्यात वाळपईकडे आले तेव्हा मला वाटायचं, भिरंडांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, साली उन्हात टाकल्या की झाली सोलां, म्हणजे आमसुलं. पहिल्या वर्षी तसंच केलं. चार दिवसांत साली कडकडीत वाळल्या, रंग विटकरी, आणि हुमणात, म्हणजे माशांच्या कालवणात, घातल्या तर आंबटपणा नावालाच. माईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एक साल चिमटीत धरून कट्‌कन मोडली. म्हणाल्या, "सोल मोडूंक नाका गो, वळूंक जाय."

तर आता त्यांच्या हाताखाली शिकले ते सांगते.

एप्रिल संपत आला की भिरंडां पिकू लागतात. काळपट लाल झालेली तेवढीच घ्यायची. देठाकडे हिरवट दिसली तर दोन दिवस टोपलीत राहू द्यावी. (झाड लावायचं असेल तर कलमच आणा. भिरंडात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी रुजवून सात-आठ वर्षं पाणी घातलं आणि झाड नर निघालं, असं आमच्याच पोरसात झालंय.)

फळं धुऊन, पुसून, मधोमध कापून अंगठ्याने बिया काढा. साली एका बाजूला, बिया गरासकट दुसऱ्या भांड्यात. भांडं चिनी मातीचं, काचेचं नाहीतर साधं प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमला हा आंबटपणा खातो. बियांवर जाडं मीठ घाला. आम्ही किलोभर सालींमागे मोठी मूठभर घालतो, आगरवाड्याच्या मिठागरातलं. तासाभरात लालभडक रस सुटतो.

आता खरं काम. पहिल्या दिवशी साली डाळीवर, म्हणजे बांबूच्या चटईवर, पोकळ बाजू वर करून, उन्हात. संध्याकाळी गोळा करून त्या रसात बुडवायच्या, हाताने खालीवर करायच्या आणि रात्रभर तशाच ठेवायच्या. सकाळी निथळून परत उन्हात. संध्याकाळी परत रसात. याला पुटं देणं म्हणतात. चार पुटं तरी द्यावी, रस उरला तर पाचवं. सालीतला आंबटपणा उन्हाने वाढत नाही, तो या रसातून आत जिरतो. मी पहिल्या वर्षी नेमका तोच फेकून दिला होता. शेवटच्या पुटानंतर दोन दिवस नुसतं ऊन. साल काळी, चामड्यासारखी, बोटाभोवती गुंडाळली तरी तुटत नाही, अशी झाली की उचला. दहा-बारा किलो भिरंडांची किलोभर सोलां होतात, म्हणून बाजारात स्वस्त मिळाली की मी आधी ती चाखून बघते; वजन बहुतेक मिठाचंच असतं.

मेच्या मध्यानंतर आकाशावर विश्वास ठेवू नका. एकदा जेवून जरा आडवी झाले आणि वळीव कोसळला. भिजलेल्या सालींना तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. सगळी माडाच्या मुळाशी गेली. तेव्हापासून दुपारी डाळीशेजारीच बसून काजू सोलते.

पुरुमेंताच्या सामानात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीत, सुक्या मासळीइतकाच सोलांचा मान. कोरड्या बरणीत तळाला मीठ, वर सोलां, तोंडाला फडकं. ओला हात आत गेला तर बरणी गेली. पोर्तुगीजांनाही हे फळ लवकरच ठाऊक झालं होतं: गार्सिया द ऑर्ता या वैद्याच्या, १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात ते आहे, आणि त्यांनी आपल्या भिरंडाचं 'ब्रिंदांव' करून टाकलं.

बिया टाकू नका. धुऊन खडखडीत वाळवा, फोडून आतला गर कुटा आणि भरपूर पाण्यात उकळा. निवल्यावर वर तेल थिजतं, ते काढून हातावर अंड्याएवढा गोळा वळायचा. हे भिंडेल. शेतात चिखलात उभं राहून टाचा फुटल्या की रात्री दिव्यावर जरा वितळवून चोळायचं. माईंचा गोळा देवळीत असतो, पानात गुंडाळलेला, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही.