मस्टँग घोड्यांची संख्या आवरायचीय? मग या चुका टाळा

अमेरिकेच्या पश्चिमेकडे, त्यातही सगळ्यात जास्त नेवाडात, सरकारी माळरानावर मोकाट घोड्यांचा, म्हणजेच मस्टँगांचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतोय. १९७१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, जमीन बीएलएम हे केंद्राचं खातं बघतं, आणि खात्याच्याच हिशोबाने तिथं घोडे-गाढवं मिळून साधारण २५-२७ हजारांच्या वर झेपत नाहीत. २०२० मध्ये होते ९५ हजार!

पहिली चूक म्हणजे नुसतं पकडत सुटायचं. हेलिकॉप्टरने कळप हाकत आणतात, कुंपणाच्या तोंडाशी एक शिकवलेला घोडा सोडतात, तो पुढे पळतो आणि बाकीचे त्याच्या मागून सरळ आत. बघायला भारी वाटतं, पण मागे राहिलेल्यांना चारा मुबलक होतो, घोड्या धष्टपुष्ट होतात आणि वर्षाला १५-२० टक्के वाढ, म्हणजे चार-पाच वर्षांत पुन्हा दुप्पट. पकडलेले सगळेच काही कोणी दत्तक घेत नाही, उरलेले आयुष्यभर सरकारी चारा खात बसतात आणि बजेटचा मोठा हिस्सा तिथंच जातो.

मग लस द्या ना, असं सगळेच म्हणतात. पण इथंच घोडं पेंड खातं. पीझेडपी नावाची गर्भरोधक लस एकदा टोचून भागत नाही, काही आठवड्यांनी दुसरा डोस लागतो आणि नंतर दरवर्षी बूस्टर, तो चुकला की घोडी पुन्हा गाभण. त्यात लस ऐनवेळी तयार करायची, दोन सिरिंज एकमेकींना जोडून औषध इकडून तिकडे शंभरेक वेळा ढकलायचं तेव्हा कुठे ते दाट होतं, मग बंदुकीने डार्ट (लस भरलेला सुईवाला बाण) घोडीच्या पुठ्ठ्यावर मारायचा. कुठल्या घोडीला मारला याची फोटोसकट नोंद नसेल तर पुढच्या वर्षी डोकं खाजवत बसाल.

मेरीलँडच्या असाटीग बेटावर हे जमलं, १९९४ पासून डार्ट मारून मारून पावणेदोनशेचे शंभराच्या आत आले, तरी वेळ लागलाच कारण बाळंतपणं टळल्यावर घोड्या जास्त जगतात 😄 पण तिथं एकेक घोडी ओळखीची, आणि नेवाडातली माणूस दिसला की पार डोंगरापलीकडे. तिकडे पाणवठ्याभोवती कुंपण घालून ठेवा, उन्हाळ्यात झरे आटले की आपोआप येतात, तिथंच लस टोचा आणि सोडून द्या.

आणि विमानातून मोजलेला आकडा कमीच धरून चाला, झाडीतले सुटतातच.